सुरू केलेली मदत मध्येच तोडू नका : परराष्ट्र मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
विकास भागीदारी प्रशासन, परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली
तसेच परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

महोदय, महोदया,

दरवर्षी अर्थसंकल्प मांडला गेला की परदेशांना द्यायच्या मदतीचा तक्ता वर्तमानपत्रांत येतो. २०२५-२६ साठी भूतानला २,१५० कोटी रुपये, नेपाळला ७००, मालदीवला ६००, श्रीलंकेला ३००, अफगाणिस्तानला १००. मग दोन-चार दिवस वाहिन्यांवर चर्चा रंगते आणि ती एकाच अंगाने जाते. चीनने तिथे किती ओतले, आपण किती? मालदीवच्या राजधानीतला, मालेचा पूल चीनने २०१८ मध्ये बांधून खुला केला, आपण हाती घेतलेला त्याहून लांब पूल कधी पुरा होणार? नेपाळमधल्या पोखऱ्याचा विमानतळ चिनी कर्जातून उभा राहिला, आपण काय दाखवणार?

हे प्रश्न गैर नाहीत. पण मला ज्याची काळजी वाटते तो प्रश्न या चर्चेत कुणी विचारत नाही. एकदा सुरू केलेली मदत आपण मध्येच तोडतो का? आणि तोडली, तर त्या देशातल्या साध्या माणसाच्या मनात भारताविषयी काय उरते? मी पुण्यात अनेक वर्षे राज्यशास्त्र शिकवले. माझ्या वर्गात नेपाळी, भूतानी आणि मोठ्या संख्येने अफगाण मुले बसत. त्यांच्याशी बोलताना आणि आपल्याच देशाचा इतिहास शिकवताना माझे एक मत पक्के होत गेले. पूल, धरण, धान्य देणाऱ्याबद्दल लोकांना आपुलकी वाटते. पण गरजेच्या वेळी त्याने हात आखडता घेतला, तर आधीचे सगळे दान त्या एका आठवणीखाली गाडले जाते. आपण स्वतः घेणारे होतो तेव्हा हे भोगले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अमेरिकेने भारताला जितके धान्य दिले तितके त्या काळात दुसऱ्या कुणी दिले नाही. जादा धान्य इतर देशांना सवलतीत देण्याच्या अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखालचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. मे १९६० मध्ये मुंबईचे स. का. पाटील केंद्रात अन्नमंत्री असताना वॉशिंग्टनला सर्वात मोठा करार झाला : चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, आणि किंमत रुपयांत चुकवायची. डॉलरची चणचण असलेल्या देशासाठी हे फार मोठे होते. रशियाशी चाललेल्या चढाओढीत भारताचे मन जिंकावे हा अमेरिकेचा हेतू त्यात होताच. पण हेतू काहीही असला तरी त्या गव्हाने भूक भागवली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

मग १९६५ आणि १९६६ असे लागोपाठ दोन पावसाळे फसले. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि लाखो घरांनी ते पाळले. नेमक्या त्याच काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार करण्याऐवजी थोड्या थोड्या धान्याला, थोड्या थोड्या काळापुरती मंजुरी देण्याचे धोरण धरले. भारताने शेतीधोरण सुधारावे ही त्यांची एक अट होती आणि ती सर्वस्वी अन्यायाची म्हणता येणार नाही. पण व्हिएतनाममधल्या बॉम्बहल्ल्यांवर भारत टीका करतो, हा रागही त्यात होता. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, त्यातले बहुतेक अमेरिकेचे. म्हणजे एका बाजूला इतिहासातली मोठी अन्नमदत चालू आणि दुसऱ्या बाजूला पुढचे जहाज निघेल की नाही याची दिल्लीत रोज धास्ती.

या धान्याचे आज काय आठवते? पुण्यात मुळा-मुठेच्या काठाने, रेल्वेच्या रुळांकडेला, मोकळ्या प्लॉटवर पावसाळ्यात कमरेएवढे गाजर गवत माजते. पांढरी बारीक फुले, हात लागला तर अंगाला खाज, कुणाला दमा. त्याला काँग्रेस गवत असेही म्हणतात आणि ते अमेरिकेच्या गव्हातून आले असे कुणीही सांगेल. खरे तर पुण्यात त्याची नोंद पीएल-४८० चा करार होण्याच्या आधीची, १९५५ च्या सुमाराची आहे. पीएल-४८० वर त्याचे खापर फोडायला तारखा जुळत नाहीत. तरीही पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते ते हेच. कोट्यवधी माणसांना जगवणाऱ्या मदतीच्या नावावर लोकांनी तण जमा केले आणि पोटभर भाकरी विसरले, याला जॉन्सन यांचे ते हात राखून देणे बरेचसे कारणीभूत आहे असे मला वाटते. अपमान झाल्याची भावना एकदा बसली की वाईट ते सगळे त्याच खात्यावर लिहिले जाते. १९७४ मध्ये अमेरिकेने धान्याच्या किमतीपोटी साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा धनादेश भारताला परत केला. इतकी मोठी रक्कम, पण आज ती कुणाच्या ध्यानातही नाही.

आता रशियाकडे पाहू. भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार फेब्रुवारी १९५५ चा, पहिली झोतभट्टी पेटली फेब्रुवारी १९५९ मध्ये. ते दान नव्हतेच. अडीच टक्के व्याजाचे कर्ज होते आणि आपण ते फेडले. पण दहा लाख टनांचा कारखाना उभा केल्यावर रशियन तज्ज्ञ निघून गेले नाहीत. आपल्या अभियंत्यांना त्यांनी तिकडे नेऊन शिकवले, इथे भट्टीपाशी शेजारी उभे राहून शिकवले आणि पुढचा विस्तारही बरोबरीने केला. बोकारोच्या वेळी फरक आणखी ठळक झाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना तो पोलाद कारखाना भारताला द्यायचा होता. १९६३ मध्ये अमेरिकेच्या परदेशी मदतीचा आढावा घेणाऱ्या जनरल क्ले यांच्या समितीने सरकारी मालकीच्या कारखान्याला मदत नको असा सूर लावला, अमेरिकन काँग्रेस अडून बसली आणि अखेर नेहरूंनी विनंती मागे घेतली. १९६५ च्या जानेवारीत रशियाशी करार झाला. विदर्भातून भिलाईला नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबांत आजही रशियन माणसांबद्दल जिव्हाळ्याने बोलले जाते. कानपूरच्या आयआयटीसाठी अमेरिकेच्या नऊ विद्यापीठांनी दहा वर्षे खपून केलेले काम याच तोलाचे होते, पण त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

मी रशियाची आरती ओवाळत नाही. याच रशियाने जुलै १९६० मध्ये चीनमधले आपले सुमारे १,४०० तज्ज्ञ जवळजवळ एका फटक्यात परत बोलावले, नकाशे-आराखडे बरोबर नेले, शेकडो प्रकल्प अर्धवट सोडले. क्रुश्चेव्ह आणि माओ यांच्या भांडणाची किंमत कारखान्यांतल्या कामगारांनी मोजली. नानजिंगला यांगत्से नदीवरचा मोठा पूल चीनने १९६८ मध्ये स्वबळावर पुरा केला आणि त्याचा अभिमान शाळेतल्या पुस्तकांपर्यंत पोचवला. १९५० च्या दशकात रशियाने चीनला दिले त्याला तोड नव्हती. त्याची कृतज्ञता मात्र उरली नाही. तसेच इजिप्तमधल्या आस्वान धरणाचे. १९ जुलै १९५६ ला अमेरिकेने धरणाच्या कर्जाचा प्रस्ताव मागे घेतला आणि २६ जुलैला इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. धरण रशियाने बांधले, ते १९७० मध्ये पुरे झाले.

तारापूरची गोष्ट आपल्या दाराशीच घडली. १९६३ च्या करारात अमेरिकेने अणुभट्ट्यांना तीस वर्षे इंधन पुरवण्याचे मान्य केले होते. १९६९ मध्ये वीज सुरू झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि अणुप्रसार रोखणाऱ्या १९७८ च्या अमेरिकन कायद्यानंतर तो पुरवठा लटकला, आणि अखेर १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन देऊ केले. अमेरिकेची बाजू काहीही असो, आपल्या अणुशास्त्रज्ञांची एक पिढी त्यातून शिकली की परक्याच्या शब्दावर विसंबून वीजघर चालत नाही.

हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. तरी मी ते मांडले, कारण आता आपण देणाऱ्याच्या जागी आलो आहोत आणि आपल्या शेजाऱ्यांशी तसेच वागू लागलो आहोत की काय, अशी मला भीती वाटते.

२५ एप्रिल २०१५ ला नेपाळमध्ये भूकंप झाला. काही तासांत आपली विमाने काठमांडूला उतरली. त्या वेळी भारताविषयी जे प्रेम दाटून आले होते ते माझ्या नेपाळी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात मला दिसत होते. पाच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये नेपाळची नवी राज्यघटना आली, भारताला लागून असलेल्या तराईतल्या मधेशी लोकांचे आंदोलन पेटले आणि सीमेवरून पेट्रोल, गॅस, औषधांचे ट्रक जाणे थांबले. आपण नाकेबंदी केली नाही, हीच आपल्या सरकारची भूमिका राहिली. पण काठमांडूत चुली लाकडावर पेटल्या आणि तिथल्या माणसाने त्याचा दोष आपल्याला दिला. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी वाहतूक करार केला. पुढे गोरखा आणि नुवाकोट जिल्ह्यांत भूकंपग्रस्तांची ५० हजार घरे आपल्या मदतीने उभी राहिली. किती चांगले काम! पण नेपाळी मुलाला भारताबद्दल विचारा, घरांच्या आधी त्याला ते थंडीतले महिने आठवतात.

दुसरी गोष्ट तर पुण्यातूनच सुरू झाली. जानेवारी २०२१ मध्ये हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डच्या पेट्या निघाल्या. आपण सर्वांआधी भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख डोस पाठवले, पाठोपाठ बांगलादेशला २० लाख आणि नेपाळला १० लाख. चीनची लस अजून पोचलेली नव्हती तेव्हा आपण शेजाऱ्यांच्या दारात होतो. मला त्या दिवसांत खरोखर अभिमान वाटला होता. मग आपल्याकडे दुसरी लाट आली, प्राणवायूसाठी माणसे तडफडली आणि निर्यात थांबली. स्वतःच्या माणसांना आधी लस द्यायची यात काही चूक नव्हती, हे मी ठामपणे म्हणतो. पण बांगलादेशने तीन कोटी डोसांचा करार करून पैसे आगाऊ दिले होते आणि एप्रिलच्या अखेरीस त्यांना पहिला डोस देणे थांबवावे लागले. नेपाळमध्ये लाखो ज्येष्ठ नागरिक पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट पाहत बसले. त्या पोकळीत चीनची सायनोफार्म शिरली. जितक्यांना पहिला डोस तितक्यांचा दुसरा डोस आधीच बाजूला काढून ठेवता आला असता. कमी माणसांना दिले असते, पण पुरते दिले असते. आणि निदान केव्हापासून पुन्हा देऊ याची एक तारीख सांगता आली असती.

आता अफगाणिस्तान, ज्याबद्दल मला सर्वात जास्त बोलायचे आहे.

महासत्तांनी मदतीच्या चढाओढीचा सगळा खेळ या एका देशात खेळून पाहिला आहे. हेल्मंदच्या खोऱ्यात अमेरिकन कंपनीने १९४६ पासून कालवे काढले, कजाकीचे धरण १९५३ मध्ये पुरे केले, पण निचऱ्याची नीट सोय न झाल्याने बरीच जमीन पाणथळ आणि खारवट झाली. काबूलचे रस्ते डांबरी करून द्या ही विनंती अमेरिकेला क्षुल्लक वाटली. रशियाने तेच काम घेतले आणि शहरातल्या प्रत्येक माणसाच्या पायाखाली आपले नाव नेले. सालंगचा बोगदा १९६४ मध्ये रशियनांनी खणून दिला आणि १९७९ च्या डिसेंबरात त्याच रस्त्याने रशियन रणगाडे खाली उतरले. त्यानंतर त्या डांबराचे आणि बोगद्याचे कोण कौतुक करणार?

आपण तिथे वेगळ्या रीतीने वागलो, म्हणून आपल्याला मान होता. झरंज ते देलारामचा २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा रस्ते संघटनेने बांधला, त्यासाठी माणसे गमावली. हेरातजवळचे सलमा धरण २०१६ मध्ये पुरे झाले. पण हेरातच्या एका विद्यार्थ्याला मी विचारले होते की तुमच्या गावात भारत म्हणजे काय, तेव्हा त्याने धरणाचे नाव घेतले नाही. त्याचा थोरला भाऊ पुण्यात शिकून गेला होता आणि पाणीपुरवठ्याच्या खात्यात नोकरीला लागला होता. त्याच्याकडे पाहून गल्लीतल्या चार घरांनी मुले भारतात पाठवायचे ठरवले होते. भारत म्हणजे त्याच्यासाठी भावाची पदवी. दरवर्षी हजारभर शिष्यवृत्त्या आणि शिवाय स्वखर्चाने येणारी मुले, यांनी पुण्यात कॅम्प, कोंढवा भागात आपली एक छोटी वस्तीच केली होती. नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, ती मुले शेजाऱ्यांना सुका मेवा वाटत. कोणत्याही जाहिरातीने मिळणार नाही अशी ही पुंजी होती.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले. काही अफगाण पासपोर्ट गहाळ झाल्याचे कारण देऊन सरकारने भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द केले. कोविडमुळे घरी जाऊन ऑनलाइन वर्ग करणारी मुले-मुली तिथेच अडकली. सुरक्षेची चिंता खरी होती, हे मला मान्य आहे. पण ज्यांची नावे विद्यापीठांच्या पटावर आहेत, ज्यांच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रे आपल्याच कचेऱ्यांत आहेत, त्यांची वेगळी छाननी करणे अशक्य होते का? डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना विद्यापीठांची दारे बंद केली. तोपर्यंत ज्या मुली आपल्या वर्गात असायला हव्या होत्या त्या घरात कोंडल्या गेल्या होत्या. नंतर आपण ऑनलाइन शिष्यवृत्त्या दिल्या, ५० हजार टन गहू पाकिस्तानच्या वाटेने कष्ट करून पाठवायला घेतला, २०२५ मध्ये काबूलच्या तांत्रिक पथकाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. हे सगळे योग्यच केले. पण अर्ध्या पदवीचा प्रश्न तसाच राहिला.

आपल्याकडून चांगले होते तेव्हा ते कसे दिसते, त्याचे उदाहरण श्रीलंकेत आहे. २०१६ मध्ये भारताच्या अनुदानातून तिथे १९९० क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, आधी दोन प्रांतांत, मग देशभर. एक फोन करायचा, गाडी दारात येते, पैसे लागत नाहीत. चालक आणि परिचारक श्रीलंकेचेच. आता ती सेवा तिथल्या लोकांच्या हातात आहे आणि २०२२ च्या भीषण आर्थिक संकटातही ती टिकली. हंबनटोटाचे बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर चिनी कंपनीकडे गेल्याचे जगाला माहीत आहे. पण छातीत कळ आलेल्या म्हाताऱ्याच्या घरचे फिरवतात तो १९९०.

आणि इतिहासातले एक नाव काढल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. काही सहकारी परतले, ते थांबले, भाषा शिकले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच वारले. १९६२ चे युद्ध त्यांच्यामुळे टळले नाही. सद्भावनेला तेवढे बळ नसते आणि असा दावा कुणी करू नये. पण युद्धानंतरही, कोटणीसांच्या मृत्यूला साठ-सत्तर वर्षे झाल्यावरही भारतात आलेले चिनी नेते त्यांच्या घरच्यांना भेटत राहिले.

म्हणून माझी आपणास विनंती अशी. अन्न, औषध, इंधन आणि शिक्षण या चार बाबतींत, एकदा दिलेला शब्द त्या देशाच्या सरकारशी बिनसले म्हणून मागे घेतला जाणार नाही, असे संसदेत जाहीर करावे. सरकार आपल्याविरुद्ध बोलले, घोषणा झाल्या, चिनी जहाज बंदराला लागले, तरी ट्रक चालू राहतील. दबाव आणायचे इतर मार्ग परराष्ट्र खात्याकडे पुष्कळ आहेत. ज्या गोष्टीचा दुसरा टप्पा असतो, मग तो लसीचा असो की पदवीचा, तिचा दुसरा टप्पा पहिल्याच दिवशी राखून ठेवावा, आणि तेवढे जमणार नसेल तर कमी जणांना द्यावे. आपल्या वार्षिक अहवालात उद्घाटनांची यादी असते. त्याच अहवालात पाच आणि दहा वर्षांपूर्वी हस्तांतर केलेले प्रकल्प आज चालू आहेत का, सुटे भाग मिळतात का, आणि वर्षभरात आपण कोणती मदत थांबवली व का, हेही छापावे. स्थायी समितीने ते दरवर्षी तपासावे. यातून काही ठिकाणी आपली नामुष्की होईल. ती पत्करावी.

दबावाशिवाय मदत म्हणजे भाबडेपणा, असे आपल्यातले काही म्हणतील. करदात्याचा पैसा आहे, त्याचा मोबदला मिळायलाच हवा, असेही म्हणतील. मीही करदाता आहे आणि मलाही मोबदला हवा आहे. पण १९६५-६६ मध्ये आपल्याला लाचार करून अमेरिकेने काय मिळवले? पाच वर्षांत आपण मॉस्कोशी मैत्रीचा करार केला.

पहिले पाऊल म्हणून एक काम लगेच करण्यासारखे आहे. २०२१ पासून अडकलेल्या, भारतीय विद्यापीठांच्या पटावर नाव असलेल्या अफगाण विद्यार्थ्यांची यादी विद्यापीठांकडून मागवा, नव्याने उघडलेल्या काबूल दूतावासात त्यांची छाननी करा आणि ज्यांना यायचे आहे त्यांना पदवी पुरी करण्यासाठी व्हिसा द्या. मुलींचे अर्ज आधी घ्या. त्यांची फी माफ करावी म्हणून पुण्यातल्या महाविद्यालयांकडे शब्द टाकायला माझ्यासारखे कितीतरी शिक्षक आनंदाने तयार होतील.

आपला नम्र,
पुण्यातील एक निवृत्त प्राध्यापक